नाना शंकरशेट : नाटकगृह, बाग व संग्रहालय

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत कोणा एका थोर मुंबईकराचे चरित्र यावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते लिहिण्याचे काम माझ्या वाट्यास आले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, आणि लिहिण्याचा सराव म्हणाल तर घरखर्चाच्या वहीपुरता. तरीही नाव निवडावयास मला वेळ लागला नाही. मुलांना खेळावयास मैदान मिळावे म्हणून आपल्या मंडळाने जो अर्ज केला आहे, त्याच्या बैठकीत एकीने विचारले होते की शहराच्या प्रमुखाने रस्ते, नळ आणि गटारे पाहिली म्हणजे पुरे नाही का. बागा, नाटके आणि खेळ ही काय त्याची कामे? त्या प्रश्नाचा विचार करताना मला जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच आपले नाना शंकरशेट आठवले.

आता कोणी म्हणेल, नाना कधी महापौर होते? नव्हते. मुंबईच्या महापालिकेच्या प्रमुखास महापौर म्हणू लागले ते १९३१ सालापासून. त्याआधी त्यास अध्यक्ष म्हणत. नानांच्या काळी अध्यक्षही नव्हता, कारण आज आपण जिला महापालिका म्हणतो ती संस्थाच नव्हती. शहराची साफसफाई, रस्ते, करपट्टी या गोष्टी सरकारने नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' पाहत. हा मान पूर्वी गोऱ्यांनाच मिळे. १८३४ च्या सुमारास तो प्रथमच काही हिंदी गृहस्थांस मिळाला, त्यांत नाना होते. तेव्हा पदाची माळ गळ्यात नसताना शहराचे वडीलपण ज्यांनी केले, अशा माणसाची ही हकीकत आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे त्यांचे गाव सांगतात. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, आडनाव मुरकुटे. परंतु पूर्वजांपासून मुंबईत सराफी व व्यापार असल्यामुळे शंकरशेट हेच नाव रूढ झाले. कोटातील गनबाव स्ट्रीट हे नाव त्यांच्याच एका पूर्वजाचे, गनबाशेट यांचे. इंग्रजी जिभेवर त्याचे गनबाव झाले. वडील १८२२ साली वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात एवढी मोठी दौलत हाती आली म्हणजे मुलगा बहुधा बिघडतो, हे आपण चाळीत आणि सोसायटीतही पाहतो. नानांचे तसे झाले नाही. त्याच सुमारास मुंबईत शाळा व शाळेची पुस्तके काढण्यासाठी मंडळी एकत्र येत होती, त्यांत ते शिरले आणि मरेपर्यंत लोकांच्या कामातून बाहेर पडले नाहीत.

त्यांनी केलेल्या सगळ्या कामांची यादी द्यावयाची तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. सतीची चाल बंद करण्याच्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. गिरगावातील सोनापूरची स्मशानभूमी हलविण्याचे घाटत होते, ते त्यांनी होऊ दिले नाही. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. १८५७ च्या बंडात त्यांचा हात असावा असा संशय सरकारला आला, चौकशी झाली, पुरावा मिळाला नाही. आणि १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर घेतले. राजकारणाचे एवढे पुरे. मला सांगावयाचे आहे ते निराळे.

मात्र शाळांचे दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते माझ्यासारखीच्या जिव्हाळ्याचे आहे. १८४० पासून मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ होते व नाना त्याचे सभासद होते. वरचे शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषेतून, यावर तेथे मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीच्या बाजूचे. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत, इंग्रजांत वावरत, तरी लोकांना त्यांच्याच भाषेत ज्ञान मिळाले पाहिजे हा आग्रह त्यांनी धरला. पुढे १८४९ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींसाठी शाळा काढल्या. विद्यार्थीच सकाळच्या वेळी पगार न घेता शिकवीत. मुलींना शाळेत पाठविणे म्हणजे त्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोलणी घेणे. अशा वेळी नानांनी आपल्या गिरगावच्या राहत्या आवारात मुलींच्या शाळेस जागा दिली. धर्माचाराने ते जुन्या वळणाचे होते, म्हणून तर या गोष्टीचे मोल अधिक. सुधारकाने शाळा काढली तर लोक नावे ठेवतात, पण देवपूजा करणाऱ्या शेटजींच्या आवारात मुली जातात म्हटल्यावर पुष्कळ आयाबापांची भीड चेपली असणार.

आता नाटकगृहाकडे येते.

मुंबईत पहिले नाटकगृह इंग्रजांनी कोटात बांधले होते, आज जेथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मोकळ्या जागेवर. अठराव्या शतकातले ते बांधकाम. नाटके इंग्रजी, पाहणारे इंग्रज. हळूहळू ते कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकून टाकावे लागले. देणी भागवून काही रक्कम उरली, ती सरकारी तिजोरीत पडून राहिली. काही वर्षांनी शहरातील मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की त्या पैशातून नवे नाटकगृह बांधावे. पैसा थोडाफार आहे, हौसही आहे, पण जागा कोठे? नेमकी येथेच नानांनी ग्रँट रोडवरची आपली जमीन दिली. तेथे उभे राहिलेले नाटकगृह फेब्रुवारी १८४६ मध्ये उघडले. कोणी त्यास ग्रँट रोड थिएटर म्हणत, कोणी शंकरशेटांचे नाटकघर.

जागेने कसा फरक पडतो पाहा. कोटातील नाटकघर साहेबांच्या दारी होते. ग्रँट रोड ही तेव्हा कोटापासून दूरची, गावाबाहेरची वाट. नाटकाला येणे साहेबमंडळींना अडचणीचे वाटू लागले. परंतु गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर येथील आपल्या लोकांना मात्र ते पायी जाण्याच्या अंतरावर आले. पहिली काही वर्षे तेथे इंग्रजीच खेळ होत होते. माझ्या मते नानांच्या देणगीचे खरे फळ सात वर्षांनी मिळाले.

सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक केले, हे आपल्यापैकी नाटकवेड्या भगिनींना माहीत आहेच. त्यांना सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. राजाने पोसलेली कला राजा गेल्यावर काय करणार? भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ करावयास सुरुवात केली व १८५३ च्या आरंभी ते मुंबईस आले. प्रथम एका गृहस्थांच्या वाड्यात खेळ झाले आणि मार्चमध्ये ग्रँट रोडच्या नाटकगृहात मराठी नाटक रंगले. तिकीट काढून लोक आले. राजाच्या दिवाणखान्यातले नाटक तिकीट घेणाऱ्या चार लोकांचे झाले, त्यास रंगमंच, पडदा व बसावयाच्या जागा असलेली इमारत मिळाली. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तेथे नाटके सुरू केली. मराठी नाटक, पारशी नाटक आणि पुढे त्यातून निघालेला बोलपट, या सगळ्यांचे मूळ शोधत गेले तर वाट त्या ग्रँट रोडच्या जमिनीवरून जाते.

पुढे त्या भागात अनेक नाटकगृहे झाली. प्लेहाऊस या शब्दाचे लोकांनी पिला हाऊस केले व ते नाव अजून बसच्या थांब्यांवर व लोकांच्या तोंडी ऐकू येते. नंतर त्या वस्तीचे नाव बदनाम झाले आणि घरंदाज बायकांनी तिकडे फिरकू नये असे म्हणू लागले. माझ्या सासूबाई तर ते नाव उच्चारू देत नसत. पण ज्या ठिकाणी मराठी नाटकाने मुंबईत पाय रोवले त्या ठिकाणाचे नाव घ्यावयास आपल्याला संकोच का वाटावा?

आज आपल्या उपनगरांत मुलुंडला कालिदास, पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर आणि बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहे महापालिकेच्या जागेवर उभी आहेत. संध्याकाळचा स्वयंपाक चार वाजता उरकून आपण नऊवारी नेसून कालिदासला जातो आणि अकराच्या आत घरी येतो. नाट्यगृह दादरला वा गिरगावला असते तर आपल्यापैकी कितीजणी गेल्या असत्या? जागा जवळ असणे हे बायकांच्या दृष्टीने निम्मे तिकीट माफ झाल्यासारखे आहे. ग्रँट रोडला १८४६ मध्ये हेच झाले होते, तेव्हा ते गिरगावकरांच्या सोयीचे झाले, आता आपल्या.

रेल्वेचीही गोष्ट येथेच सांगते, कारण तिचे नाते आपल्या बाजूशी आहे. मुंबई ते ठाणे लोहमार्ग काढावा ही कल्पना जॉर्ज क्लार्क नावाच्या सरकारी इंजिनियरला सुचली ती १८४३ मध्ये आपल्या शेजारच्या भांडुपला आला असताना. ती लोकांच्या व सरकारच्या गळी उतरविण्यात नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई पुढे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसे, आणि त्यांत नाना होते. अंतर ३४ किलोमीटर. म्हणजे मराठी नाटक ग्रँट रोडला रंगल्यावर दीड महिन्याच्या आत नाना गाडीत बसून आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून ठाण्यास गेले.

आता बाग व संग्रहालय. राणीच्या बागेत आपण मुलांना, आता नातवंडांना, नेतो. हल्ली तर सारी मुले पेंग्विनसाठी हट्ट धरतात. परंतु ती बाग कशी झाली हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पश्चिम हिंदुस्थानची शेती व बागायत संस्था १८३० च्या सुमारास निघाली. तिने शिवडीस बाग केली होती. नाना या संस्थेच्या कामात होते. शिवडीची जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, तेव्हा भायखळ्यास नवी बाग करण्याचे ठरले. दुसरीकडे, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इलाख्यातील कारागिरीच्या वस्तू जमविल्या होत्या, त्यांतून मुंबईत संग्रहालय सुरू झाले होते. परंतु १८५७ च्या धामधुमीत त्या वस्तूंची नासधूस झाली व ते बंद पडल्यासारखे झाले. मग १८५८ मध्ये शहरातील लोकांनी सभा भरवून लोकवर्गणीने नवे संग्रहालय व बाग करावयाचे ठरविले. संग्रहालय समितीचे अध्यक्ष नाना, आणि चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड. दोघेही वैद्यकीतले. रोग्यांची नाडी पाहणाऱ्यांनी शहराच्या करमणुकीचा विचार करावा, याचे मला कौतुक वाटते.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग खुली झाली आणि त्याच दिवशी संग्रहालयाचा पाया घातला गेला. नाव अर्थातच राणी व्हिक्टोरियाचे दिले. नानांनी राणीचे नाव का दिले, देशी नाव का नाही, असे आज कोणी विचारील. पण त्या नावामुळे सरकारचा पाठिंबा मिळाला आणि श्रीमंतांच्या थैल्या उघडल्या. नाव पुढे बदलता आले, बागेचे जिजामाता उद्यान झाले, संग्रहालयास १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. बागच नसती तर नाव कशाचे बदलले असते?

यानंतर जे घडले ते मात्र नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या वर्षांत अमेरिकेत आपसातले युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा नुसता पूर. प्रत्येक सभेत मोठमोठ्या देणग्यांचे आकडे जाहीर होत. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, कंपन्या व बँका बुडाल्या. काल लाखाचे आकडे लिहिणारे आज तोंड लपवू लागले. संग्रहालयाची इमारत अर्धवट राहिली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नाना वारले. ते दार उघडलेले त्यांनी पाहिले नाही. सरकारने पैसा घातला तेव्हा काम पुरे झाले, आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. बाग सांभाळणारी संस्थाही मोडकळीस आली आणि १८७३ मध्ये बागेची देखभाल महापालिकेने आपल्याकडे घेतली. आजतागायत तीच करते.

नानांबद्दल मनात कितीही आदर असला तरी हे म्हणावेसे वाटते की एका शेटजींच्या औदार्यावर शहराची बाग फार दिवस हिरवी राहत नाही. आरंभ करावयास असा माणूस लागतो, जमीन देणारा, चार श्रीमंतांना एकत्र बसविणारा, गव्हर्नरशी बोलणारा. पण माळ्याचा पगार, झाडांचे पाणी, जनावरांचा चारा हे दर महिन्याचे खर्च आहेत. ते करपट्टीतूनच व्हावयास पाहिजेत. घर चालविणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि येथेच कायद्याची एक गोम आहे, ती अर्जाच्या निमित्ताने एका जाणत्या गृहस्थांनी आम्हास समजावून सांगितली. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, सर फिरोजशहा मेहता यांचा ज्याच्या घडणीत मोठा वाटा होता तो. त्यात महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची सांगितली आहेत. गटारे, कचरा, पाणी, दिवाबत्ती ही केलीच पाहिजेत अशी. आणि बागा, मैदाने, वाचनालये, संग्रहालये ही महापालिकेच्या इच्छेवर ठेवलेली. केली तर केली. म्हणजे नळाला पाणी नाही आले तर आपण हक्काने भांडू शकतो, पण मैदान नाही झाले तर कोणाचे मन वळवावे लागते. ते मन कोणाचे? कारभाराची सत्ता आयुक्तांच्या हाती असते, महापौर सभेचे काम चालवितात. पुष्कळांना वाटते की महापौर म्हणजे फीत कापणारे शोभेचे पद. पण नानांपाशी तर तेवढेही पद नव्हते. त्यांचा शब्द चालत असे, आणि तो त्यांनी कोठे खर्च केला ते वर सांगितले आहे. महापौराचाही शब्द असतोच. अंदाजपत्रकावर बोलताना, आरक्षित भूखंडाची विचारणा करताना, खेळाडूंचा सत्कार करताना तो वापरावयाचा की नुसते हार घालून घ्यावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

आपल्या भागातील तो भूखंड मैदानासाठी राखून ठेवलेला आहे, तरी वर्षानुवर्षे तेथे पाडकामाचा राडारोडा पडत आहे. मुले इमारतींच्या मधल्या बोळात क्रिकेट खेळतात, काच फुटली की बोलणी आईला. मुली तर बोळातही खेळत नाहीत, त्या दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की खिडकीत बसतात. मुलांसाठी मैदान मागावयाचे तर मुलींसाठी आधी मागितले पाहिजे, असे माझे मत मी बैठकीत मांडले होते व ते अर्जात घातले आहे. अंधेरीचे शहाजीराजे क्रीडासंकुल व मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडासंकुल ही महापालिकेच्याच प्रतिष्ठानाकडून चालविली जातात, तेव्हा खेळ हे आमचे काम नाही असे कोणी आपल्याला सांगू शकणार नाही. मुंबईला पहिल्या स्त्री महापौर, सुलोचना मोदी, १९५६ साली लाभल्या. आता तर महापालिकेतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. अर्ज घेऊन जाताना दारात उभे राहून घाबरण्याचे कारण नाही.

नानांची आठवण मुंबईने कशी ठेवली आहे तेही सांगते. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा नाना चौक त्यांचाच, तेथे त्यांच्या घराण्याचे भवानीशंकराचे देऊळ आहे. कोटातील टाऊन हॉलमध्ये, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, त्यांचा पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे. चिंतामणराव देशमुख, जे पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, त्यांना ती १९१२ साली मिळाली होती.

येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल राणीच्या बागेत व शेजारच्या संग्रहालयात न्यावी अशी मी सूचना केली आहे. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, तो मुलांना अवश्य दाखवावा. घारापुरीहून हलविताना त्याचे तुकडे झाले होते, ते जोडून १९१४ मध्ये त्यास पुन्हा उभे केले. भायखळा स्टेशनावरून पायी दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात, म्हणून दिवस ठरविताना बुधवार टाळावा. नावे चिटणीस बाईंकडे द्यावीत.